शिसवीवरचा शिक्का

जंगलखात्यात त्यांना सगळे हातोडेमामा म्हणत. तोडायच्या झाडाची थोडी साल तासायची आणि लोखंडी हातोड्याने बुंध्यावर खात्याचा शिक्का उमटवायचा, हे त्यांचे एकतीस वर्षांचे काम. शिक्का बसला की झाड ठेकेदाराचे. मामांचा शिक्का चुकत नाही, असे साहेबही सांगत.

एका उन्हाळ्यात त्यांनी वाटेलगतच्या थोराड शिसवीवर शिक्का मारला. दोन दिवसांनी वरच्या अंगाने परतताना पाहतात, तर धनेश पक्ष्याचा नर चोचीत उंबर धरून त्याच शिसवीला मागून बिलगलेला. तिथे ढोली होती. तिचे तोंड लिंपून बंद केलेले, मधे फक्त बोटभर फट. आत मादी आणि पिल्ले. नराने आणलेल्या फळांवरच सगळ्यांचा जीव.

एवढी ढोली तरण्या झाडाला नसते. त्याला शंभरी गाठलेले खोड लागते. आणि हे पक्षी फळे खाऊन लांब लांब बिया टाकतात, त्यातून रान वाढते. मामांना हे सगळे ठाऊक होते. फक्त त्या दिवशी त्यांनी झाडाच्या मागे जाऊन पाहिले नव्हते.

सोमवारी करवती येणार होत्या. शनिवारी सकाळीच मामा साहेबांपुढे उभे राहिले.

“शिक्का रद्द करायचा तर चूक लेखी द्यावी लागेल,” साहेब म्हणाले. “आणि बढतीचा घास हातातोंडाशी आलाय तुमच्या.”

“घास माझ्याच तोंडचा जातोय ना साहेब? मग जाऊ द्या. कागद द्या.”

“निदान धुकं होतं असं तरी लिहा.”

“उन्हाळ्यात?”

जेवायला घरी आले, तेव्हा मामींनी तो कागद पाहिला. “माझ्या तिन्ही बाळंतपणांत तुम्ही रानात. आणि आता त्या पक्षिणीचं काढताय!”

“तिचा नवरा बघ, दिवसभर खाऊ आणतो.”

“मग शिका त्याच्याकडून काहीतरी. आणि सही नीट करा, कोंबडीचे पाय काढू नका.”

‘चुकीचे कारण’ या रकान्यात मामांनी लिहिले: ‘निष्काळजीपणा. झाडाची एकच बाजू पाहिली.’

शिसव राहिली. बढती त्यांच्याहून नऊ वर्षांनी धाकट्या माणसाला मिळाली. त्याला पहिला हार मामांनीच घातला. पुढे ते प्रत्येक बुंध्याला पूर्ण फेरी मारू लागले. ठेकेदाराचा मुकादम वैतागायचा, “मामा, शिक्का मारताय की झाडाला सदरा शिवताय?”

मामा हसत आणि फेरी पुरी करत. त्या वर्षी त्यांना आणखी दोन ढोल्या सापडल्या.