अकतामानचं कुरण

कालिपा अपा माझ्या डोक्यावरच्या घरात राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर दोन गाठोडी होती आणि तोंडाला फडकं बांधलेली एक दुधाची बादली. बादली ओरडत होती. लिफ्टमधले सगळे छताकडे बघत उभे राहिले. आमच्या इमारतीत कुणी कुणाला काही विचारत नाही. मी विचारते, पण त्या दिवशी लिफ्ट आठव्या मजल्यावर लवकर आली.

मी आठव्या मजल्यावर राहते आणि रजया शिवते. आमच्या बिश्केक शहरात मुली अजूनही लग्नात रजयांची चळत घेऊन सासरी जातात, म्हणून माझं चालतं. मशीन बंद असलं की वरच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं. अपाची सून कोणत्या चपला घालून कामाला निघाली, तेसुद्धा मी सांगू शकते.

म्हाताऱ्या बायांना आम्ही अपा, म्हणजे आई, म्हणतो. अपाचा नवरा शरद ऋतूत वारला. मुलगा एर्मेक मालट्रक चालवतो, महिन्यातले मोजके दिवस घरी असतो. तो आईला डोंगरातल्या नारीनकडच्या गावातून घेऊन आला आणि पुन्हा रस्त्याला लागला. घरात उरल्या औषधांच्या दुकानात काम करणारी सून मीरगुल, अपा आणि बादलीतला तो बोका. काळा, चारही पंजे पांढरे, म्हणून नाव अकतामान, पांढऱ्या तळव्यांचा. म्हाताऱ्याच्या शेवटच्या आजारपणात तो त्याच्या पायांवर झोपायचा. अपाच्या आधीच्या घरातलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

गावात त्या बोक्याचं राज्य गवताच्या माचापासून ओढ्यापर्यंत होतं. इथे दोन खोल्या. बाहेर सोडायची सोय नाही. अंगणात कुत्री, पलीकडे गाड्या. सहाव्या मजल्यावरच्या बोक्याचं खिडकीतून काय झालं, ते सगळ्यांना माहीत होतं. अकतामानने आधी सोफा फाडला. मग सकाळपासून दारापाशी बसून रडायला लागला. मग तेही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि पोट चाटत राहायचा. चाटून चाटून पोटावरचे केस गेले.

मीरगुल मला जिन्यात भेटली. मला ती एजे म्हणते, थोरली बहीण. "एजे, मी काय राक्षस आहे का? पण त्याला सुख नाही आणि मला झोप नाही. मार्चमधल्या नवरूजपर्यंत बघते, नाहीतर बाजारातला एक गोदामवाला न्यायला तयार आहे. उंदीर आहेत तिथे भरपूर."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना, आणि त्याचाच मला राग आला.

मग भर थंडीत वरून आवाज यायला लागले. सकाळी मीरगुल गेली की काहीतरी जड सरकवल्याचा आवाज. थोड्या वेळाने टक, टक, घरंगळत गेल्याचा खडखडाट, त्यामागून धपकन उडी. मला चैन पडेना. म्हातारी एकटी काय सरकवते? का सुनेने घर सोडायला सांगितलं आणि ही सामान बांधते आहे? शेवटी ताटलीत गरम तळलेले बोरसोक घेतले आणि वर गेले. रिकाम्या हाताने चौकशी केली तर भोचकपणा होतो, हातात खाणं असलं की शेजारधर्म.

दार अर्धवट उघडलं. अपा गुडघ्यांवर होती.

"आत ये पटकन, दार लाव. तो शिकारीवर आहे."

मी आत गेले आणि थबकले. घरोघरी भिंतीशी रजयांची चळत रचलेली असते, ती तिथे नव्हती. तिच्या पायऱ्या करून थेट खिडकीपर्यंत नेल्या होत्या. गालिचा गुंडाळून त्याचं भुयार केलं होतं. खुर्ची आडवी, तिच्यावर शाल. खोलीच्या मधोमध नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, एकच बूट.

"अपा, घर हलवताय?"

"हलवलं. परवापर्यंत आम्ही तिकडे होतो, त्या भिंतीपाशी."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि हा." तिने हनुवटीने भुयाराकडे खूण केली. आत दोन डोळे चमकत होते.

तिच्यासमोर मेंढीच्या घोट्याची हाडं मांडलेली होती, आमची मुलं चुको खेळतात तसली. एक लाल रंगवलेलं. अपाने अंगठ्याने लाल हाड टिचकावलं. ते घरंगळत बुटामागे गेलं. भुयारातून काळा गोळा सुटला, बुटावर आदळला आणि हाड दोन्ही पंज्यांत धरून उताणा पडला. माझ्या छताचा उलगडा झाला.

"मेंढरं एकाच जागी ठेवली तर काय होतं?" अपाने विचारलं.

"गवत संपतं."

"मग याचं वेगळं काय? हा आला तेव्हा आठवडाभर प्रत्येक कोपरा हुंगत होता. हुंगून झालं, बघून झालं, संपलं. मीरगुल म्हणते आजारी आहे. आजारी कसला, उपाशी आहे. वाटीतलं खाणं कुठे पळतं?"

म्हणून तिने वाटी उचलून ठेवली होती. उकडलेल्या फुप्फुसाचे तुकडे बुटात, रजयांच्या घड्यांत, भुयाराच्या पलीकडे. शोधायचे आणि खायचे.

हे तिला सहज सुचलं नव्हतं. पहिल्यांदा तिने उत्साहात एकाच दिवसात सगळं घर फिरवलं, तर बोका गॅसच्या शेगडीमागे जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत निघेना. "चुकलंच माझं. आपण मेंढरांमागे बिऱ्हाड हलवायचो तेव्हा कुरण नवं असायचं, पण तंबू आतून तोच. चूल तिथेच, अंथरुणं तिथेच. म्हणून लेकरं रडायची नाहीत. आता याची गोधडी मी हलवत नाही. बाकीचं दोन-दोन वस्तू करून."

मी उत्साहाने रंगीत लोकरीचा गुंडा देऊ केला. तिने तो परत केला. दोरा गिळतो म्हणाली, एकदा घशातून ओढून काढलाय.

"आणि खेळ अर्धा सोडायचा नाही. शेवटी पकडू द्यायचं, मग लगेच खायला. खाल्लं की अंग चाटतो आणि झोपतो. नाहीतर माझ्या पायाशी येऊन भांडतो, अगदी म्हाताऱ्यासारखा."

तिथून मी रोजचीच झाले. आज बिऱ्हाड कुठे, हे बघायला जायचे. एकदा कपाटाच्या माथ्यावर उन्हाळी कुरण होतं, एकदा पलंगाखाली हिवाळी. दर वेळी अपा आधी स्वतः गुडघ्यांवर जाऊन मांजराच्या उंचीवरून खोली बघायची. मीही बघितली. खाली वाकलं की दोन खोल्यांत खरंच बराच प्रदेश असतो. आणि बोक्याच्या पोटावर मऊ लव यायला लागली होती. मीरगुल यायच्या आत अपा सगळं जागेवर लावायची.

मग एके दिवशी दुकानातली वीज गेली आणि मीरगुल दुपारीच घरी आली.

ओरडणं ऐकू आलं नाही. जिन्यावर तिचीच पावलं वाजली. माझ्या दारात उभी राहिली तेव्हा हातात मखमली रजई होती, मधोमध नखांनी उसवलेली.

"तुम्हीच शिवलीय. आईने दिलेली. आतली लोकर आमच्या मेंढ्यांची होती, तिने स्वतः पिंजलेली." तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. "माझ्या माहेरच्या रजयांवर मांजर नाचवतात त्या, आणि मला सांगतही नाहीत. रविवारी गोदामवाल्याला बोलावलंय."

बोक्याचं गवत संपलं होतं, हे अपाचं म्हणणं मी तिला सांगितलं, पण ती वर निघून गेली. रजई मी त्याच दिवशी शिवली. उसवलेल्या जागी तसल्याच मखमलीचं पानाच्या आकाराचं ठिगळ बसवलं. रविवारी ती घेऊन वर गेले.

बादली दारापाशी तयार होती. आत गोधडी, वर नमद्याचा बूट. अपा पलंगाच्या काठावर बसली होती. ती काही मागत नव्हती. मीरगुल रजई उलटसुलट करून बघत राहिली, लागण्यापेक्षा जास्त वेळ. गोदामवाल्याला उशीर झाला होता.

बोक्याला यातलं काय कळणार? त्याची खेळायची वेळ झाली. तो अपासमोर येऊन बसला. अपाचे हात हलेनात. त्याने वाट बघितली, मग सोफ्याखालून लाल हाड ओढत आणलं आणि मीरगुलच्या पायाशी ठेवलं.

मीरगुलने पाय मागे घेतला. त्याने हाड पुढे ढकललं. अपाने न राहवून वाकून ते टिचकावलं. टिचकी नीट बसली नाही, हाड तिथल्या तिथे पडलं.

"असं नाही, अपा," मीरगुल म्हणाली. "नखावर धरायचं, थोडं तिरकं." ती खाली बसली आणि टिचकी मारली. हाड सोफ्याखालून जाऊन भिंतीवर आपटलं आणि परत आलं. बोका हवेत उलटा फिरला. "गावात मुलगेसुद्धा माझ्याशी खेळायला घाबरायचे," ती कुणाकडे न बघता म्हणाली आणि दुसरं हाड उचललं.

गोदामवाला आला तेव्हा ती पालथी पडून सोफ्याखाली हात घालत होती. "बोका द्यायचा नाही म्हणावं," असं सांगून तिने मलाच दारात पाठवलं. मी त्याला चहा पाजला, नको म्हणून सांगितलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं तेही सोसलं.

"माझ्या रजयांवर पुन्हा नाही," मीरगुल म्हणाली. "कपाटावर चढू दे. तिथे चढायला मी फळ्या लावून घेते." ती हात झटकत उठली. मग बादलीकडे बघत थांबली. "अपा, याचं गवत संपलं ते तुम्हाला कळलं. तुमचं कधी संपलं?"

 अपा आल्यापासून एकदाही खाली उतरली नव्हती. लिफ्टची तिला भीती वाटायची, आणि खाली जायचं तरी कुणाकडे? तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. बोक्याचं सगळं सांगणाऱ्या बाईने स्वतःबद्दल आजवर काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाला जाण्याआधी मीरगुलने तिला हाताला धरून जिन्याने खाली माझ्याकडे आणलं. एकच मजला, पण अपा प्रत्येक पायरीवर थांबत होती. काखेत छोटं गाठोडं होतं, त्यात तिचं नमद्याचं शिवणकाम.

"संध्याकाळपर्यंत ठेवून घ्याल ना, एजे?"

आमच्यात नव्या कुरणावर कुणी तळ टाकला की आधीच्यांनी त्यांना पहिलं जेवण घालायचं असतं, एरुलुक. चूल पेटायच्या आत घालायचं, कारण वाटेने आलेलं माणूस दमलेलं असतं. शरदात बादली घेऊन आलेल्या बाईला या अख्ख्या इमारतीत कुणी ते घातलं नव्हतं.

मी मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि पीठ मळायला घेतलं. अपा लगेच बसली नाही. आधी खिडकीशी गेली, मग कपाटापाशी, मग मशीनच्या मागे वाकून बघितलं. माझ्या खोलीचा एकही कोपरा तिने सोडला नाही.