कांदेपोहे आणि मदरबोर्ड

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी उघडला तेव्हा तो चालू होता. हे आधीच सांगते, कारण घरात आता यावर वेगवेगळी मतं आहेत. चालू होता, फक्त हळू चालत होता. बटण दाबून कुकर लावायचा, तीन शिट्ट्या झाल्या की पडद्यावर चित्र उमटायचं.

माझा स्वभाव चौकस आहे. (शिरीष, म्हणजे माझा नवरा, यासाठी दुसरा शब्द वापरतो.) बंद झाकण दिसलं की आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्न होऊन दिल्लीला आले, सरकारी नोकरीत तीस वर्षं फायली उघडल्या, आणि घरी मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ. त्यातलं घड्याळ अजून चालतं.

निमित्त झालं केतकीच्या लग्नाचं. केतकी आमची एकुलती मुलगी, जन्म दिल्लीचा, नोकरी नोएडात. तिनं आणि पुण्याच्या निखिलनं एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं. राहिली होती निखिलची आई. त्या निवृत्त शिक्षिका, आणि त्यांचं म्हणणं निखिलमार्फत आमच्या कानावर आलं होतं: "दिल्लीत वाढलेली मुलगी, घरचं वातावरण कसं असेल कोण जाणे. सगळ्यांशी एकदा बोलू, मग बघू." त्यासाठी रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल ठरला.

केतकीच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चालत नाही, फोनच्या पडद्यात आम्ही चौघं मावत नाही. चौथे म्हणजे नाना, माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी, कानांनी अधू. घरचा कॉम्प्युटर खरं तर त्यांचाच. त्यावर ते साताऱ्याच्या भावाशी बोलतात. कॉल आला की हिरवं बटण सापडेपर्यंत भाऊ कंटाळून जायचा, म्हणून मीच एक सोय करून ठेवली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की ॲप आपोआप उघडायचं आणि कॉल आपोआप उचलला जायचा. कॅमेऱ्याचा दिवा नानांच्या डोळ्यांत जायचा, तर त्या दिव्यावर मी माझी टिकली चिकटवली होती. एवढं सगळं करूनही कॉम्प्युटर मधेच गोठायचा. त्या "मग बघू" म्हणणाऱ्या बाईंसमोर माझं तोंड अर्धवट उघडं असताना गोठला, तर संपलंच.

"मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला की काम झालं," मी जाहीर केलं. दोन दिवस मी त्याचे व्हिडिओ पाहिले होते.

"माणूस बोलावू," शिरीष म्हणाला.

"माणूस वेगळं काय करतो? चार स्क्रूच काढतो ना?"

शनिवारी मी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदारानं प्रोसेसर समोर ठेवला आणि विचारलं, "मैडम, ये बिना ग्राफिक्स वाला है. ग्राफिक्स कार्ड तो है ना आपके पास?"

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. पण त्याच्या आवाजात किंचित दया होती, आणि दया मला सहन होत नाही.

"बिल्कुल है," मी म्हणाले.

रविवारी सकाळी सातला मी कॅबिनेट उघडलं. काय सांगू, किती मजा असते आत! धुळीची गादी, तिच्यात केतकीच्या शाळेच्या दिवसांतलं खोडरबर, आणि खाली तो मदरबोर्ड, हुबेहूब नोएडाचा नकाशा, सरळ रस्ते आणि नंबर घातलेले चौकोन. नवा प्रोसेसर मारी बिस्किटाहून लहान. एवढ्याशा जिवात सगळं डोकं कसं मावतं, हे पाहण्यात माझा अर्धा तास गेला. तो तापू नये म्हणून त्याच्यावर वाटाण्याएवढी पेस्ट लावायची असं व्हिडिओत सांगितलं होतं. ताजा वाटाणा की सुका, हे सांगितलं नव्हतं. उजेड कमी पडला, तेव्हा स्पीकरचा प्लग काढून तिथे टेबललॅम्प लावला. शेवटी दोन स्क्रू उरले, ते पदराच्या टोकाला बांधून ठेवले.

साडेदहाला बटण दाबलं. आतला पंखा फिरला. पडदा काळा.

"पंखा फिरतोय म्हणजे जीव आहे," मी म्हणाले.

"आई, पंखा तर कूलरचा पण फिरतो," केतकी म्हणाली.

बंद केला, सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, सुरू केला. काळा. मेमरीची पट्टी पुसून बसवली. काळा. अकराला पाच मिनिटं असताना शेवटचा प्रयत्न केला आणि तो तसाच चालू ठेवून मी कपाळाला हात लावला. अंगावर नवी रेशमी साडी, तिच्यावर डाग नकोत म्हणून शिरीषचा जुना शर्ट, दातांत स्क्रू ड्रायव्हर. नाना कोट घालून पडद्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले.

"अकरा वाजले, यार," केतकी म्हणाली.

"आज तरी यार म्हणू नकोस."

"बंद कॉम्प्युटरसमोर कोण ऐकतंय?"

नानांनी काळ्या पडद्याला हात जोडले. "नमस्कार. मी केतकीचा आजोबा."

"नाना, तो बंद आहे," शिरीष त्यांच्या कानाशी ओरडला.

"असू दे. मी तयारी करतो." ते पुन्हा पडद्याकडे वळले. "आमची नात गुणी आहे. सूनसुद्धा गुणी आहे, फक्त तिच्या हातांना चैन नसते."

मला नानांची दया आली. मॉनिटरच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याची वायर सुटली असेल म्हणून मी एक डोळा मिटून, दुसरा त्याच्या भिंगाला टेकवून पाहिलं. तिथेही काही दिसलं नाही.

"फोन करून खरं काय ते सांगू," शिरीष म्हणाला.

"खरं? त्या बाईंना मदरबोर्ड म्हणजे काय हे समजावत बसू? मराठीच्या बाई असणार त्या शाळेत. लाइट गेलीय म्हणून सांगू."

केतकीचे डोळे भरून आले. "झूठ नको ना, आई. मला निखिलशीच लग्न करायचंय. त्याच्या आईशी पहिल्याच दिवशी झूठ बोलून मला त्या घरात नाही जायचं."

पोरीचं ते ऐकून मला भरून आलं. माझ्या हौसेपायी तिचं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि मला खरंच भीती वाटत होती. पण हात मनाच्या पुढे धावतात ही माझी जुनी खोड. नंबर फिरवून झाला होता.

"अहो ताई, काय सांगू तुम्हाला," मी म्हणाले, "सकाळपासून लाइटच गेलीय. दिल्लीत हे असंच."

"हो का?" पलीकडून शांत आवाज आला. "मग तुमच्या डोक्यावरचा पंखा कशावर चाललाय?"

मी वर पाहिलं. पंखा चालला होता. यांना तो कसा दिसतोय, हा प्रश्न मला त्यानंतर पडला.

"आणि तो टेबललॅम्प जरा बाजूला घ्या. आजोबांच्या तोंडावर येतोय."

मी सावकाश कॅमेऱ्याकडे वळले. टिकली होती तिथेच होती. कॉम्प्युटर ठणठणीत सुरू होता, फक्त पडद्यावर चित्र येत नव्हतं. बरोबर अकराला कॉल आला होता आणि माझ्याच सोयीनं उचललाही गेला होता. स्पीकर मीच काढलेला, त्यामुळे तिकडची मंडळी अकरा मिनिटं जिवाच्या आकांतानं हाका मारत होती तरी आम्हाला ऐकू येत नव्हतं. आमचं मात्र त्यांना सगळं दिसत होतं. माझा डोळासुद्धा, अख्ख्या पडद्याएवढा.

मी मुकाट्यानं फोनचा स्पीकर चालू केला.

"आणि मी मराठीची नव्हे," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं कॉम्प्युटर शिकवला मी. प्रोसेसर बिनग्राफिक्सचा घेतलात ना? मग वेगळं कार्ड लागतं, नाहीतर मशीन चालतं आणि दिसत काहीच नाही. दुकानदारानं विचारलं नाही?"

मला अचानक खोकला आला.

"केतकीला पुढे बोलवा."

लाल नाकानं केतकी नानांशेजारी येऊन उभी राहिली. तिनं हात जोडले.

"तू मघाशी आईला काय म्हणालीस ते मी ऐकलं," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता. "तुमच्या घरचं वातावरण मला कळलं. ये तू आमच्याकडे. झूठला आपण खोटं म्हणतो, तेवढं मी शिकवीन."

नाना काहीच ऐकू न येता अजून पडद्याला सांगत होते की मुलगी पोळ्या बऱ्या करते. (हे मात्र साफ खोटं होतं.)

लग्न झालं. विहीणबाईंनी मला साडी दिली, तिच्या घडीत ग्राफिक्स कार्ड होतं आणि चिठ्ठी: "बसवायला माणूस बोलवा. आणि दुकानदाराला तुम्ही काय उत्तर दिलं होतंत, ते एकदा कळवा."

कळवणं भाग होतं. मी कॅमेऱ्यावर रुमाल टाकला, पंखा बंद केला आणि पुण्याला फोन लावून सांगितलं, "नाही हो, त्यानं मला काही विचारलंच नाही."

पलीकडे केतकीही ऐकत होती. तिचं मराठी आता बरंच सुधारलंय.

"आई," ती म्हणाली, "खोटं."