उजवा कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला माझं सगळं ठाऊक असतं त्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते — मान खाली घालून सांगणार नाही. निदान पहिला अर्धा भाग तरी नाही.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात नर्स होते. संपानंतर गिरण्या बसल्या, त्यानंतरची ती वर्षं. दत्ताराम असाच गिरणीतून वॉचमनगिरीवर आलेला, मालवणकडचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही, गावी एक थोरला भाऊ. डायबिटीसने पाऊल काळं पडलं होतं. पाय कापला नाही तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. दत्ताराम भिंतीकडे तोंड करून रडायचा. बोलायचा तो फक्त माझ्याशी. ड्युटी संपली की मी स्टूल ओढून बसायचे, पेज भरवायचे, हात धरायचे. सगळ्यांनी समजावून झालं, पण त्याचं आपलं एकच — "देवाचो कौल येवंदे, मगे काय ता करा."

कौल म्हणजे गावच्या देवाला विचारणं. पाषाणाला कळ्या लावतात आणि गुरव प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. भावाने तो लावायचा आणि कळवायचं, असं ठरलं होतं.

आणि ट्रंककॉल आला. वॉर्डातला फोन मीच उचलला. त्या खरखरीतून भाऊ ओरडून सांगत होता, "कौल डावो इलो. पाय कापूक नको म्हणान सांगा तेका."

मी दत्तारामच्या कॉटपाशी गेले आणि म्हटलं, उजवा आला.

त्याने हात जोडले, संमती दिली. पाय गेला, जीव राहिला. ज्याचा पाय त्याला फसवायचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच बोलेन. देव रागावला असेल तर ते त्याचं नि माझं, आम्ही बघून घेऊ.

पण इथेच थांबता आलं असतं तर मी हे सांगायला बसले असते का?

भाऊ एसटीने आला, उकड्या तांदळाची पिशवी घेऊन. चादरीखालचा तुटका पाय पाहून मटकन खालीच बसला. डावा कौल असताना कापू कसा दिलास, म्हणून कपाळ बडवू लागला. दत्ताराम गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुमीच सांगा. फोनार ह्यो काय बोललो?"

एक वाक्य पुरलं असतं — मी खोटं बोलले. पाय तर गेलाच होता, कोण तो परत जोडणार होतं? नोकरीची भीती होती, होतीच. पण त्याहून — दत्ताराम ज्या नजरेने माझ्याकडे बघायचा, ती मला घालवायची नव्हती. हो, एवढंच. लोभ म्हणा त्याला.

"उजवाच म्हणाले होते," मी म्हटलं.

दत्ताराम भावाकडे वळला. "लंगडो भाव घरात नको म्हणान देवाक खोटो पाडतंस?" पुन्हा तोंड दाखवू नकोस, असंही म्हणाला. भावाने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याला कळलं होतं. पिशवी कॉटखाली सरकवली आणि गेला.

दत्ताराम पुढे कुबडी घेऊन तपासणीला यायचा. दर वेळी वॉर्डात डोकावून मला चाफ्याचं फूल द्यायचा, आणि मी ते केसात माळायचे. काही वर्षांनी एकदा फूल न घेता आला. भाऊ गेल्याची तार आली होती. आपण गावी जाणार नाही, सुतकही पाळणार नाही, म्हणाला. म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मी स्टूल ओढलं, शेजारी बसले आणि त्याचा हात धरला. ते मला चांगलं जमायचं.