कंपाउंडरची गोळी

शिमग्याची पालखी देवळात परतली आणि दुसऱ्याच दिवशी मी गाव सोडलं. एसटी फाट्यावर सकाळी साडेसहाला यायची. आईने कुळथाच्या पिठाची पुरचुंडी दिली. अक्का, तू माझ्या ट्रंकेला सुंभ आवळून बांधलास, इतका की विरारला तो मला विळीने कापावा लागला. सुमन दीड वर्षाच्या नंदाला कडेवर घेऊन बांधापाशीच थांबली, कारण सुनेने फाट्यापर्यंत निरोप द्यायला यायची आपल्याकडे तेव्हा रीत नव्हती. गाडीत चढताना आई म्हणाली, "पोटभर खा आणि वेळेवर झोप." पहिलं मी पाळलं. दुसऱ्याचं काय झालं ते तुला इतकी वर्षं सांगितलं नाही, ते आज लिहितोय. गावातल्या कुणी वाचलं तरी चालेल. आपल्यातले जे घर सोडून मुंबईच्या अंगाला पांगले, त्यांनी तर वाचावंच.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. विरार पूर्वेला एका दवाखान्यात मला कंपाउंडरची नोकरी लागली होती. डॉक्टर वसईकडच्या एका वाडीतले ख्रिस्ती, माणूस मितभाषी आणि कामाला वाघ. खोली मिळाली चंदनसारला, एका बैठ्या चाळीत, दहा बाय बाराची. मागच्या खिडकीतून भातखाचरं दिसायची. ठरलं असं होतं, की मी जम बसवायचा आणि गणपती झाले की सुमन आणि नंदा इकडे यायच्या. मेहुणा त्यांना पोचवणार होता.

कामात मी हुशार होतो, हे स्वतःच सांगतो, दुसरं कोण सांगणार! खोकल्याचं लाल मिक्श्चर बाटलीत भरायचं, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडायच्या आणि ती बाटलीला खळीने चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. निम्म्या पेशंटांना अक्षरओळख नव्हती, पण खाचा सगळ्यांना मोजता यायच्या. चोळायच्या औषधाच्या बाटलीला मात्र खाचा पाडायच्या नाहीत, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. ते टरपेंटाइनचं पांढरं औषध कुणाच्या पोटात गेलं तर भलतंच व्हायचं.

मे महिन्यापासून माझी झोप गेली. कारण विचारशील तर आजही सांगता येत नाही. कुणी मारलं नव्हतं, कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. पण दिवस कलला की छातीत धडधड सुरू व्हायची, जणू कुणीतरी वाईट बातमी घेऊन चाळीच्या तोंडाशी येऊन थांबलंय. अंथरुणावर पडलं की डोळे टक्क. कशीबशी डुलकी लागायची ती तीनला मोडायची, आणि मग उजाडेपर्यंत मी नंदाला ताप आलाय, सुमन विहिरीत पडली, आई गेली, असं एकेक मनातच घडवत बसायचो. जेवण कडू लागायला लागलं. पत्र लिहायला बसलो की हात जड व्हायचा. तू विचारलं होतंस ना, त्या तीन महिन्यांत तुझं पत्र का नाही? म्हणून नाही.

जुलैत डॉक्टरांनीच एका दुपारी मला पेशंटच्या स्टुलावर बसवलं. नाडी पाहिली, खूप प्रश्न विचारले आणि कागदावर लिहून दिलं. मी वाचलं आणि कागद पटकन खिशात घातला. ती गोळी मला माहीत होती. वरच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात तिची बाटली असायची. उदासीवरची, झोप आणणारी. ती घेऊन जाणाऱ्या माणसांना मी पुडी देताना जरा खालच्या आवाजात बोलायचो, आणि ती पाठमोरी झाली की मनात म्हणायचो, बिचारं कामातून गेलं.

"ही नुसती झोपेची गोळी नाही, सदा," डॉक्टर म्हणाले. "मन थकलंय तुझं. झोप आधी येईल, मनाला दोन-तीन आठवडे लागतील. तोंड कोरडं पडेल, सकाळी जड वाटेल, मग सवय होईल. आपल्या मनाने वाढवायची नाही आणि आपल्या मनाने सोडायचीही नाही."

हेच सगळं मी दिवसातून दोनदा दुसऱ्यांना सांगायचो. पण अक्का, मला दिसत होता तो आपला धाकटा मामा. त्याला शहरातून गोळ्या-इंजेक्शनं करून आणलं आणि मग तो पडवीत गोणपाटावर बसून दिवसभर पेंगायचा. लाळ गळायची. आपण पोरं त्याच्या पायाला गवताची काडी लावून पळायचो, आणि आई आपल्याला हाकलताना म्हणायची, "गोळ्यांवर गेलेलं माणूस परत येत नाही रे." हे वाक्य माझ्या हाडात मुरलं होतं. आणि दुसरी भीती तर त्याहून मोठी. सासऱ्यांच्या कानावर गेलं, की जावई वेडाच्या गोळ्या खातो, तर ते सुमनला कशाला पाठवतील? पोरीला घेऊन माहेरी बस म्हणाले असते. त्यांचंही काय चुकलं असतं?

म्हणून मी गोळ्या घेतल्याच नाहीत. रोज एक पुडी खिशात घालायचो आणि ट्रंकेत टाकायचो. डॉक्टरांनी विचारलं की "घेतो" म्हणायचो. खोटं बोलणारे पेशंट आवाजावरून ओळखणारा मी, आणि माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी जवळच्या चांदीप गावची काशीआजी आली. सत्तरीची, गुडघे धरलेले, खोकला जुना. तिच्या नेहमीच्या दोन बाटल्या, एक प्यायची लाल आणि एक चोळायची पांढरी. मी भरल्या, बुचं लावली, पट्टी चिकटवली आणि पुढच्याला हाक मारली. आजी जागची हलेना. ती दोन्ही बाटल्या हातात धरून पाहत होती. मग तिने पांढरीचं बूच काढलं आणि नाकाशी नेलं.

"आरं पोरा," ती म्हणाली, "खाचा ह्याच्यावर कशा? लाल पानी तं कोरंच हाय. ह्यो वास चोळायच्या औषदाचा. ह्ये पेऊ का मी?"

मी पट्टी चोळायच्या बाटलीला लावली होती. सहा खाचा, सहा डोस. तिच्या जागी दुसरं कुणी असतं, लहान पोराची आई असती, तर घरी जाऊन चमच्याने पाजलं असतं. मी बाटली तिच्या हातातून ओढून घेतली तेव्हा निम्मं औषध टेबलावर सांडलं. दवाखानाभर टरपेंटाइनचा भपकारा सुटला. आजीच उलट मला म्हणाली, "बस रं जरा. डोळं बघ तुजं, खोबनीत गेलं." तिला धड बाटली करून दिली डॉक्टरांनी, स्वतः.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "किती गोळ्या घेतल्यास?"

"एकही नाही."

मला वाटलं, आता हिशेब करून हातात देतील आणि जा म्हणतील. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "आजपासून घे. नऊ वाजता, जेवून. उद्या दवाखाना मी उघडीन. तू उठशील तेव्हा ये. पण न घेता आलास, तर बाटल्यांना हात लावू देणार नाही."

त्या रात्री मी काय केलं ते ऐकून हसशील. एका चिठ्ठीवर माझं नाव, गोळीचं नाव, घेतल्याची वेळ आणि डॉक्टरांचा पत्ता लिहिला आणि ती उशाशी पेल्याखाली ठेवली. दाराची कडी काढून ठेवली, म्हणजे मी उठलो नाही तर शेजाऱ्यांना दार फोडावं लागू नये. चोराची भीती वाटली नाही. चोराला तिथे मिळणार काय, कुळथाचं पीठ! गोळी जिभेवर ठेवली तेव्हा देवाचं नावसुद्धा आठवेना.

जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते. दार सताड उघडं आणि शेजारणीची कोंबडी ट्रंकेवर बसलेली. जीभ टाळूला चिकटलेली, डोकं ओल्या कापसासारखं जड. आणि पहिला विचार हाच, की झालो मी मामा. घाईघाईने हनुवटी चाचपली, लाळ नव्हती. मग वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत दवाखान्यातल्या सगळ्या बाटल्यांची नावं डावीकडून उजवीकडे मोठ्याने म्हटली. एकही चुकली नाही. मी तिथेच अंथरुणावर बसून रडलो.

पुढचे पंधरा दिवस काही सोपे नव्हते. दुपारी पेंग यायची, तोंडात सारखा खडीसाखरेचा खडा लागायचा. डॉक्टर माझी प्रत्येक बाटली स्वतः तपासून मगच देत. मला त्याची लाज वाटायची आणि आधारही. श्रावणात कधीतरी एका सकाळी मला चहा गोड लागला. तेवढंच, त्याहून मोठं काही घडलं नाही. मामाला काय दिलं होतं, किती दिलं होतं, पुढे कुणी डॉक्टरकडे नेऊन विचारलं का, हा प्रश्न मला त्या दिवसांत पहिल्यांदा पडला. आपण कुणीच विचारलं नव्हतं.

मग मी सुमनला लिहिलं. सगळं लिहिलं, काशीआजीची बाटलीसुद्धा. पत्र पेटीत पडलं आणि वाटलं, हात घालून परत काढावं. उत्तराला अठरा दिवस लागले. ते दिवस न झोपलेल्या दिवसांपेक्षा वाईट होते, गोळी असूनही. उत्तर अंतर्देशीयावर चार ओळींचं. वडिलांना सांगितलेलं नाही, गौरी-गणपती झाले की निघतो, नंदाला दाढा आल्यात, गोळ्या मध्येच संपू देऊ नका.

आता चंदनसारला खाचरं शोधावी लागतात. बिल्डिंगींवर बिल्डिंगी झाल्यात, चाळ कधीच पाडली, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि नंदाची मुलं मराठीत हिंदी आणि इंग्रजी घालून बोलतात. गोळी डॉक्टरांनी वर्षभराने हळूहळू कमी करत बंद केली. पुढे एकदा पुन्हा लागली, तेव्हा मी नऊ दिवस वाया घालवले नाहीत. तू परवा फोनवर विचारलंस, सदा, तुझं घर आता नक्की कुठलं रे, इकडचं की तिकडचं? मी हसून विषय बदलला. खरं उत्तर हे, की घर म्हटलं की मला इतक्या वर्षांतली एकच रात्र आठवते.

सुमन आली तो दिवस. दोन गाड्या बदलून, पोर मांडीवर, अंगभर धूळ. मेहुणा जेवून नातेवाइकांकडे गेला. नऊ वाजले. मी पेला भरला आणि गोळी तळहातावर घेतली. ती पाहत होती.

"ही घेतल्यावर नंदा रडली तर तुम्हाला ऐकू येईल?" तिने विचारलं.

"नाही येणार कदाचित."

तिने नंदाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "बरं. घ्या तुम्ही. मी आहे जागी."

आणि माझा पेला तोंडाशी जाईपर्यंत तिला झोप लागली होती. नंदाच्या अंगावर हात टाकून, तोंड उघडं, चक्क घोरत होती. खोलीत जागं असं माणूस मी एकटा. छातीत ती जुनी धडधड उठली, की आता मीही झोपलो तर या दोघींवर लक्ष कोण ठेवणार? तिला उठवावं असं दोनदा मनात आलं. भीती गेली नव्हती, अक्का, मी खोटं सांगणार नाही. तरी गोळी घेतली, पाणी प्यालो आणि त्या दोघींच्या शेजारी आडवा झालो.