पाडव्याचा नारळ

आधारची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी जळगावच्या भर रस्त्यात आडवा पडलो होतो. माझ्यावर माझी सायकल, सायकलवर उलटलेल्या गाडीतले केळीचे घड, आणि त्या घडांवर, असं मला अजूनही वाटतं, निम्मं जळगाव. कुणी माझं नाव विचारत होतं, कुणी घर. गर्दीतून एक लांबुळका, काळजीत बुडालेला चेहरा खाली वाकला आणि म्हणाला, "भाऊ, कुठं नोकरीला?"

"टेलिफोन हापिसात," मी केळ्यांखालून कण्हलो.

"मग हाड मोडलं तर भरपगारी रजा देतात ना?"

"देतात."

"आणि वहिनींचं मोडलं तर?"

त्यानं मला उठवलं ते याचं उत्तर ऐकल्यावरच.

मांगीलालशेठच्या सरकी-पेंडीच्या दुकानात तो पोती मोजून गाड्या भरून द्यायचा. धुळ्याकडचा माणूस, लग्नानंतर जळगावात आला. लोक रविवारी मुलीसाठी स्थळं बघत हिंडतात. हा नोकऱ्या बघत हिंडायचा. एस.टी.चा कंडक्टर भेटला की गणवेशाची धुलाई कोण देतं इथपासून सुरुवात. भुसावळच्या एका रेल्वे फायरमनच्या घरी तर तो ओळख नसताना जेवून आला, आणि येताना त्यांच्या दवाखान्यात बायकांची वेगळी खोली आहे ही बातमी घेऊन आला. माझ्या बायकोला तो पाहुण्यासारखा वाटेना, खानेसुमारीवाला वाटे.

पण सगळे प्रश्न फिरून एकाच जागी यायचे. त्याची बायको भागाबाई हिच्या काळजाची झडप खराब होती. दोन हंडे पाणी आणलं की ओठ निळे पडत. डॉक्टर म्हणाले होते, मुंबईला ऑपरेशन केलं तर जगेल, आणि फार वाट बघू नका. मांगीलालशेठला आधारनं एकदा विचारलं होतं.

"दवाखान्याचं काही?" यावर शेठ हसले. "अरे, तू घरचा माणूस! घरच्या माणसाला फंड कसला, रजा कसली? त्या परक्यांच्या गोष्टी."

एवढं घरचं होणं आधारला परवडत नव्हतं. अखेर त्याला स्थळ मिळालं. धुळ्याच्या एका सूतगिरणीत त्याचा मेहुणा गिरधर जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता. तिथं विमा होता, विम्याचा दवाखाना होता, आणि त्या दवाखान्यात कामगाराची बायकोही येत होती. गरज पडली तर मुंबईला धाडत. गिरधरनं साहेबाकडे शब्द टाकला. भाऊबीज झाली की हजर व्हायचं. आधार मला सांगायला आला तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदाच आखूड दिसला.

आता शेठच्या दुकानात एक रीत होती. पाडव्याला वहीपूजन झालं की शेठ प्रत्येक नोकराच्या हातात विडा आणि नारळ ठेवत. नारळ घेतला तो पुढच्या दिवाळीपर्यंत दुकानाचा. ज्याला जायचं असे, तो त्या दिवशी फिरकतच नसे. कुणी काही विचारत नसे.

आधार गेला. न सांगता कसं जायचं, म्हणून निरोप घ्यायला गेला!

त्या दिवशी नेमक्या शेठच्या आई, लाडकुंवरबाई, दुकानात आल्या होत्या. कधी न येणारी म्हातारी. तिनं नारळ उचलला, आधारपुढे धरला आणि विचारलं, "बेटा, भागा कशी आहे?"

त्या दुकानात आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. आधारचे दोन्ही हात पुढे झाले.

मला कळलं तसा मी त्याच्या घरी धावलो. "परत दे तो नारळ! सही केलीय का कुठं?"

"सही असती तर खोडली असती, भाऊ. म्हातारीना हात मांगे कसा लोटू?"

"आणि वहिनींचं काय?"

"एक सालनी तर गोट शे," एका वर्षाचीच तर गोष्ट, असं तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

भागाबाईनं तो नारळ फोडून वड्या केल्या होत्या. उरलेलं खोबरं किसताना ती मधेच भिंतीला टेकून बसायची. मला वडी देत म्हणाली, "खा भाऊ. बठ्ठं साल येनामा शे. गोड लागस ना?" सगळं वर्ष त्या वडीत आहे, असं तिचं म्हणणं.

मी भांडभांड भांडलो. गिरधर धुळ्याहून येऊन दारातच ओरडला, "दाजी, तुम्हाला नारळ मोठा का माझी बहीण?" गिरणीतली जागा शिरपूरच्या कुणाला तरी मिळाली.

भागाबाई फाल्गुनात गेली. दहावा होईपर्यंत आधार दुकानात गेला नाही. ते दिवस बिनपगारी धरले.