अपडेट करू नये!

दिवेआगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक थोडं, किस्से फार! जबाबदार मीच. जुना लॅपटॉप दिसला की माझे हात शिवशिवतात आणि मी त्यावर विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकतो. फुकट, हलकी, म्हाताऱ्या मशिनवरही पळते. फक्त कधीकधी वायफायचं कार्ड ओळखत नाही. मग कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधत बसायचं.

*

होमस्टेवाल्या सुलभाकाकूंचं कार्ड असंच अडलं. मशिन म्हणालं, ड्रायव्हर नेटवरून घ्या.

"पण नेट कुठाय?" काकू.

"ड्रायव्हर टाकला की येईल."

"आणि ड्रायव्हर?"

"नेट आलं की."

"विहिरीत पडलेला दोर काढायला तोच दोर मागतोयस की रे मेल्या!"

शेवटी माझा मोबाइल वायरने जोडला आणि त्याचं नेट दिलं. काकूंनी चहा दिला, पण बिनसाखरेचा.

*

वाडीवाल्या गणपतच्या लॅपटॉपवर मी दोन दिवस घालवले. पाच ड्रायव्हर बदलले. वैतागून मशिन खोललं, तर कार्ड तेलाने निथळतंय!

"गणपत, हे काय?"

"खोबरेल हाय. खाऱ्या वाऱ्यानं गंजत व्हतं, म्हणून चोळलं."

"कार्डाला?"

"दाराच्या कडीला चालतं, मंग ह्याला का न्हाय?"

मी नवं कार्ड बसवलं आणि झाकणाच्या स्क्रूंवर टेप मारली.

*

आता नाना. निवृत्त हेडमास्तर, बायको गेल्यापासून एकटे. मुलगा सुहास जहाजावर. नानांचा फोन साधा बटणांचा, म्हणून दर रविवारी दोघं लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल करतात. नानांना तेवढाच एक आधार. तासभर गप्पा! जहाजावरचा स्वयंपाकी, लाटा, नानांचा गुडघा, सगळं.

सुहास सुट्टीवर घरी आला की मात्र "जेवलास?" "हो." एवढ्यावर दोन दोन महिने निघतात.

नानांच्या कार्डाने माझा घाम काढला होता. चौथ्या दिवशी ड्रायव्हर बसला तेव्हा मी बजावलं, "अपडेट मागेल, द्यायचं नाही. दिलं की वायफाय गेलंच समजा."

नानांनी लाल शाईने कागद लिहिला आणि स्क्रीनच्या कडेला डकवला. 'अपडेट करू नये. हुकमावरून.' तीन वर्षं मशिन रोज सकाळी विचारायचं आणि नाना रोज सकाळी "नको" दाबायचे.

*

परवा नानांचा फोन.

"लगेच ये. घात झाला! सुहासशी बोलणं बंद झालं!"

जहाजावर काही बरंवाईट झालं की काय? बाइक पिटाळत गेलो.

ओटीवर सुहास बसलेला. आदल्या दिवशीच सुट्टीवर आला होता. नुसता बसून कंटाळला आणि त्याने अपडेट दाबलं.

"अहो नाना, हा काय सुहास!"

"तो दिसतोय मला!" नाना करवादले. "तू आधी वायफाय बघ!"

मी ड्रायव्हर परत बसवला. वायफाय लागलं. सुहास उठला, मोबाइल घेऊन मागच्या वाडीत गेला आणि सुपारीखाली बसला.

लॅपटॉप वाजला. नानांनी चष्मा पुसून घातला, कॉल घेतला आणि विचारलं,

"कधी आलास रे बाळा?"