धुतलेली बरणी
शेजारणीचा डबा घासून परत करायला घेतला की मला अजूनही आमच्या भिलाईच्या घराची गच्ची आठवते. घरामागं वीजघराच्या राखेचे ढीग होते. ट्रक तिथं रिकामे होत आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यानं ती राख थेट आमच्या कणकेत यायची, पोळी खाताना दात करकरायचे. खोकून खोकून अर्धे झालेले सासरे वर्षभर दुर्गच्या कचेरीत अर्ज देत फिरले, तेव्हा कुठं भोपाळहून एक साहेब आला. किती राख पडते ते मोजायला त्यानं गच्चीवर काचेची उघडी बरणी ठेवली आणि महिनाभर हात लावू नका म्हणून बजावलं. सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणाला तिच्या गावी, उतईला होत्या. त्या परतल्या ते नेमक्या साहेब बरणी न्यायला येणार त्या सकाळी. साहेब आपली बरणी न्यायला येणार इतकंच त्यांना सांगून मी नळावर गेले, पाणी घेऊन आले तर बरणी लखलखत होती आणि तळाशी चिमूटभर साखर होती. “दुसऱ्याचं भांडं असं घाण आन् रिकामं वापस देतेत काय?” त्या मला म्हणाल्या. साहेबानं कपाळाला हात लावला. “माताजी, अब फिर से अर्जी लगेगी.” तो गेल्यावर सासऱ्यांनी एवढंच विचारलं, “त्यातली राख कुठी हाय?” “तिच्यानंच तं घासली बरणी,” सासूबाई म्हणाल्या. दुसरी बरणी आली तोवर सासरे गेले होते. सासूबाई महिनाभर गच्चीच्या जिन्यात बसून राहिल्या, कोणालाच वर जाऊ देत नव्हत्या.